फाइलवर नुसतं ‘चावा’ लिहिलं तर? डॉक्टरांना जाणाऱ्या ‘क्वेरी’ची गोष्ट

समजा, पहूरच्या शिवारात कापूस वेचताना एका काकूंच्या पायाला काहीतरी चावलं. १०८ ला फोन केला, जळगावला नेलं, अँटी स्नेक व्हेनम मिळालं, जीव वाचला. पण गडबडीत फाइलवर निदान पडलं, ‘अज्ञात विषारी चावा’. उपचार बरोबर झाले, मग नोंदीने काय बिघडतं?

शब्दाचा होतो कोड

हॉस्पिटलमधला कोडर फाइल वाचून प्रत्येक निदानाला कोड देतो. ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची, नाव आयसीडी-१०. सापाच्या विषाला ‘टी ६३.०’. विषारी प्राणी कोणता ते लिहिलेलंच नसेल तर ‘टी ६३.९’. शेवटचा एक आकडा बदलला, की कॉम्प्युटरच्या हिशेबात तो सर्पदंश राहतच नाही!

क्वेरी म्हणजे काय?

औषधांच्या कागदावर अँटी स्नेक व्हेनम दिसतंय, पण निदानात साप नाही. कोडरला हे खटकतं, पण तो मनाने निदान लिहू शकत नाही. म्हणून तो डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतो. हीच क्वेरी.

प्रश्न कसा विचारायचा यालाही नियम आहेत. ‘सर्पदंशच लिहू ना सर?’ हे चुकीचं, कारण उत्तर आधीच तोंडात घातलं. ‘अँटी स्नेक व्हेनम दिल्याची आणि पापण्या जड झाल्याची नोंद आहे, अंतिम निदान काय?’ हे बरोबर. पर्याय दिले तर त्यात ‘सांगता येत नाही’ हाही हवा. कोणत्या निदानाला जास्त पैसे मिळतील, हे तर क्वेरीत यायलाच नको. नाहीतर नोंद सुधारण्याच्या नावाखाली बिल फुगवलं जाईल.

अशी विसंगती एआय झटक्यात शोधू शकतं. पण उत्तर आणि सही डॉक्टरांचीच.

आत्ता हे महत्त्वाचं का?

एका अभ्यासाच्या अंदाजाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचा आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितलं, की सर्पदंशाची प्रत्येक केस आणि मृत्यू सरकारला कळवणं बंधनकारक करा. पण फाइलवर सापच नसेल तर कळवणार काय?

घरच्यांचंही यात अडकतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. तिथे कारण कागदावरूनच ठरतं.

तुम्ही काय कराल?

दाखल करतानाच काय, कुठे, किती वाजता चावलं ते सांगा. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावरचं निदान वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शब्द मोघम वाटला तर तिथेच विचारा, “डॉक्टर, नेमकं काय झालं होतं ते यावर लिहाल का?” ही झाली तुमची क्वेरी.