निर्णय चावडीवर लिहा

घणसोली गावात माझ्या घरी रविवारी आमची बैठक भरते. आम्ही नऊ जण मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करतो, नोकऱ्या सांभाळून. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरची एक विद्यार्थिनी गटात आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "दादा, ‘सेव्ह’ला आपण ‘जतन करा’ म्हणतो की ‘साठवा’?"

या एका शब्दावर आम्ही दोन रात्री भांडलो होतो. पण भांडलो फोनवरच्या ग्रुपवर. तिच्या येण्याआधीचं असल्यामुळे तिला ते दिसेना, आणि मला सापडेना. वाढदिवसाचे केक, सुप्रभातची फुलं यांच्या ढिगाऱ्यात काय ठरलं ते गडप झालं होतं. शेवटी सगळा वाद पुन्हा घालावा लागला. शिकायला आलेल्या मुलीची पहिली संध्याकाळ त्यातच गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गप्पांचं साधन निवडताना आज गटात असलेल्यांची नव्हे, उद्या येणाऱ्याची सोय बघावी. मराठी विकिपीडियानं चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हटलंय, ते उगाच नाही. तिथं खातं न उघडता कुणीही वाचू शकतं, मताखाली सही आणि तारीख असते, जुनी चर्चा दप्तरात राहते.

फुकट मिळणाऱ्या जागेचा भरवसा किती धरायचा? याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. स्लॅकच्या मोफत योजनेत २०२२ पासून फक्त शेवटच्या ९० दिवसांचे संदेश दिसतात. आमच्यासारख्या गटाचं एक भाषांतर पुरं व्हायलाच सहा महिने लागतात! म्हणून मी झुलिप या गप्पांच्या साधनाच्या बाजूनं आहे. ते स्वतः मुक्त स्रोत आहे, बोलणं विषयवार लावता येतं आणि सगळा मजकूर उतरवून घेता येतो. तेही जड वाटलं तर एक साधं उघडं पान पुरे; तीच आपली चावडी.

"पोरं फोन सोडून दुसरीकडे येणार नाहीत," असं आमच्यातले एक काका म्हणतात. खरं आहे. म्हणून ग्रुप आम्ही मोडला नाही. "ठाण्याहून गाडी सुटली, चहा टाका" हे तिथंच शोभतं. पण जे ठरेल ते, कारणासकट, त्याच रात्री चावडीवर गेलं पाहिजे.

‘जतन करा’ आता तारखेसह तिथं लिहिलेलं आहे. तुमचाही असा छोटा गट असेल, तर गेल्या महिन्यात ठरलेल्या तीन गोष्टी आज रात्रीच उघड्या जागी लिहून काढा.