अपघाताची नोंद ही बदनामी नव्हे

कारखान्यात कुणाचे बोट तुटले, कुणाचा हात भाजला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘त्याचीच चूक होती’ आणि ‘कागदावर येऊ देऊ नका’. ही वाक्ये बोलणारे सगळे निर्दय असतात असे नाही. त्यांच्या मनात एक पक्की धारणा असते, ती आधी नीट मांडू. बहुतेक अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात. चुकणाऱ्याला शिक्षा झाली की बाकीचे सावध होतात. अपघातांचा आकडा कमी म्हणजे कारखाना सुरक्षित. आणि बारीकसारीक घटना नोंदवल्या तर मागे निरीक्षकांचा ससेमिरा लागतो, ऑर्डर हातची जाते. माझ्या मते पहिले तीन मुद्दे चूक आहेत, चौथ्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे आणि या चुकांची किंमत कामगार आपल्या शरीराने मोजतात.

आधी निष्काळजीपणाचा मुद्दा. ‘८८ टक्के अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे होतात’ हा जगभरच्या सुरक्षा-प्रशिक्षणात गाजलेला आकडा हर्बर्ट हाइनरिख यांच्या १९३१ सालच्या पुस्तकातला. हाइनरिख अमेरिकेतल्या विमा कंपनीत नोकरीला होते. त्यांचा आधार होता विम्याचे दावे आणि कारखान्यांची दप्तरे. म्हणजे अपघाताचे कारण बहुतांशी मालकाच्या बाजूनेच लिहिलेले. यंत्र कोणते, वेग किती, माणसे किती हे ज्याने ठरवले त्यानेच कारणही लिहायचे असेल, तर ते यंत्रात किंवा वेगात कसे सापडेल?

भोपाळचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात अंगावर फॉस्जीन हे विषारी रसायन उडून एक कामगार मरण पावला. त्याने घाबरून मास्क काढला, ही त्याची चूक, असे सांगितले गेले. फॉस्जीन मुळात बाहेर का आले, हा प्रश्न त्या उत्तराखाली दबला. जानेवारी १९८२ मध्ये पुन्हा गळती झाली. त्याच वर्षी कंपनीच्या अमेरिकी तज्ज्ञांनी पाहणी करून गंभीर त्रुटी कागदावर मांडल्या. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीचे शीतकरण बंद होते आणि निसटता वायू जाळून टाकणाऱ्या यंत्रणेची पाइपलाइन सुटी केलेली होती. तो विषारी वायू शहरावर पसरून हजारो माणसे गेल्यावर कंपनीने बोट दाखवले ते पुन्हा एका कामगाराकडेच: कुणी नाराज माणसाने घातपात केला म्हणून!

हे काही फक्त मोठ्या कारखान्यांत घडते असे नाही. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणे देतात, ती साच्यात हात राहूच नये म्हणून. त्यातले एक बटण टेप लावून कायमचे दाबून ठेवले आणि बोटे गेली, तर टेप ऑपरेटरने लावली हे खरे असू शकते. पण तासाला किती नग काढायचे होते? ती टेप किती शिफ्टमध्ये सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर होती? कंत्राटी माणसाला ‘या मशीनवर काम करणार नाही’ म्हणायची सोय होती का? अहवालात ‘निष्काळजीपणा’ लिहिला की हे प्रश्न विचारायचे राहून जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा राहतो.

आता कमी आकड्याची गोष्ट. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर बडे अधिकारी आले होते. सात वर्षांत एकाही कामगाराची दुखापतीमुळे रजा पडली नाही, याचे कौतुक त्या भेटीत झाले. त्याच रात्री स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले. घसरून पडण्याचे आकडे विहिरीतल्या दाबाबद्दल काहीच सांगत नाहीत. आकड्याला बक्षीस जोडले की अपघात कमी होण्याआधी नोंदी कमी होतात. आपल्याकडे कामगार दुखापतीमुळे ४८ तास काम करू शकला नाही तर सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातला हा निकष २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही आहे. म्हणून तर टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून नुसते बसवून ठेवण्याचे, हजेरी लावण्याचे प्रकार होतात. कायदा पाळल्याचा देखावा होतो, धोका जागच्या जागी राहतो.

मग शिक्षा नाही तर शिस्तीचे काय? याचे उत्तर विमानवाहतुकीने दिले आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या सूचनेचा गैरसमज होऊन टीडब्ल्यूए या कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि ९२ जण ठार झाले. तोच गैरसमज सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीच्या वैमानिकांचा झाला होता. ते थोडक्यात वाचले आणि त्यांनी तो कळवलाही, पण इशारा त्यांच्याच कंपनीत राहिला. त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत अशी व्यवस्था उभी राहिली की वैमानिकाने चूक स्वतः कळवायची, अहवाल दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासाकडे जायचा, नाव पुसले जायचे आणि नकळत झालेल्या चुकीला दंड नसायचा. जाणूनबुजून केलेला नियमभंग आणि गुन्हा यांना हे संरक्षण नाही. शिस्त शाबूत राहिली आणि बोलण्याची भीती गेली.

आपल्यालाही हेच करता येईल. थोडक्यात टळलेली घटना सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी कायम आणि कंत्राटी दोघांनाही द्यावी. चौकशीला त्या यंत्रावर रोज काम करणारा माणूस बसवावा. ही कल्पना नवी नाही; धोकादायक कारखान्यांच्या सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, अशी तरतूद १९८७ मध्येच कारखाना कायद्यात आली होती. निष्कर्षात माणसाच्या चुकीपाशी थांबायला मनाई असावी. आणि अहवाल लोकांपुढे यावा. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी कारखान्याच्या टाकीतून स्टायरिन या विषारी रसायनाची वाफ पसरली; सायरन वाजवले गेले नव्हते, हे त्याच वर्षी जाहीर झालेल्या उच्चाधिकार समितीच्या अहवालात सर्वांना वाचता आले. टाक्या सांभाळणाऱ्या प्रत्येक कारखान्याला त्यातून शिकता येते. कपाटात पडलेल्या अहवालातून कोण शिकणार?

राहिला ससेमिऱ्याचा मुद्दा. ही भीती खोटी नाही, कारण आज जो नोंदवतो तोच अडकतो. म्हणून निरीक्षणाची दिशाच उलटवायला हवी. टळलेल्या घटना नोंदवून दुरुस्ती करणाऱ्या कारखान्याला सरकारने आणि माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्याचे श्रेय द्यावे. आणि जिथे शेकडो माणसे यंत्रांवर राबतात, पण वर्षभरात थोडक्यात टळलेली एकही घटना वहीत नाही, त्या कारखान्यात निरीक्षकाने सर्वांत आधी पोहोचावे.