गुणाकार सोडा, बेरीज करा

गेल्या काही वर्षांत आपल्या धंद्यावर कर कसा चढत गेला, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगायला नको. नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला. 2025-26 साठी परवाना शुल्क 15 टक्क्यांनी वाढलं. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लिटरमागे 260 रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, आणि 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये ठरली. 14 जुलै 2025 रोजी ‘आहार’ या हॉटेलचालकांच्या संघटनेच्या हाकेला ओ देऊन राज्यातल्या बारनी शटर खाली ठेवलं. ती तक्रार रास्त होती आणि आजही आहे.

पण गिऱ्हाईक शासनाचं परिपत्रक वाचत नाही. तो वाइन शॉपमधली एमआरपी वाचतो, मग आपलं मेनू कार्ड वाचतो, आणि मित्रांना म्हणतो, ‘‘चला, घरीच बसू.’’ मे 2020 मध्ये राज्याने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली, त्या दिवसांत घरी बसायची सवय अनेकांच्या अंगवळणी पडली. शेकर, पेग मेजर, टॉनिकच्या बाटल्या आता साध्या फ्लॅटमध्येही दिसतात. आपला खरा स्पर्धक समोरचा बार राहिलेला नाही. तो गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात आहे, आणि तिथे भाडं, पगार, व्हॅट यांपैकी काहीच लागत नाही.

म्हणून हा हिशेब एकदा गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडून पाहू. सोपं पडावं म्हणून आकडे गोल धरले आहेत. 1500 रुपयांची 750 मिलीची व्हिस्की म्हणजे मिलीला दोन रुपये, सिक्स्टीचे 120. आपण त्याला साडेतीनने गुणतो, 420 लावतो, वर व्हॅट घेऊन 462 होतात. चौथ्या पेगला गिऱ्हाइकाने अख्ख्या खंब्याहून जास्त पैसे मोजलेले असतात आणि घरी बाटलीत आठ पेग उरतात. घरी त्याला लागतं काय? ग्लास, पाणी, बर्फ.

आता त्याच भावाच्या जिनचं गिमलेट घ्या. बारमध्ये 600, व्हॅट धरून 660. तिसऱ्या ग्लासालाच बाटली वसूल, कारण लिंबू आणि साखर प्रत्येक घरात असते. मग नेग्रोनी पाहा. जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ, प्रत्येकी 30 मिली. तीन बाटल्यांचे मिळून 6000 धरले आणि बारमध्ये ग्लास व्हॅटसह 880 ला असला, तर घर स्वस्त पडायला सातवा ग्लास उजाडतो. त्यातही व्हर्मूथ उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं तरी महिना-दोन महिन्यांत उतरायला लागतं. महिन्याला एखाददुसरा नेग्रोनी पिणाऱ्याला घरचा ग्लास बारपेक्षा महागच पडतो. वर घरच्या फ्रीजरमधल्या बर्फाला कालच्या कालवणाचा वास.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आपली चूक दिसते. साधा पेग घरी आणि बारमध्ये तंतोतंत तोच असतो, तरी त्यावर आपण भरमसाट पट लावतो. ज्या ग्लासात कसब, सामान आणि वेळ जातो, त्यावरही तोच पट. खरेदीला तीनने, साडेतीनने किंवा चारने गुणायचं, ही आपल्या धंद्यातली जुनी सोय आहे. कर कमी होते तोवर ती चालून गेली. आता ती अंगाशी येते आहे, कारण गुणाकारात करही गुणला जातो. पेगमागे उत्पादन शुल्क 30 रुपयांनी वाढलं, तर वाइन शॉपमध्ये 30 रुपये वाढतात. चौपट लावणाऱ्या बारच्या कार्डावर ते 120 होतात आणि त्यावर पुन्हा 10 टक्के. त्यातल्या 90 रुपयांचं खापर सरकारवर फोडता येणार नाही.

मग भाव काढायचा कसा? बेरजेने. आधी खुर्चीचा खर्च काढा. साठ खुर्च्यांचं हॉटेल, महिन्याला भाडं, पगार, वीज, परवाना मिळून 9 लाख, रोज सहा तासांचा खरा धंदा आणि सरासरी निम्म्या खुर्च्या भरलेल्या, असं धरा. महिन्याचे 5400 खुर्ची-तास होतात. म्हणजे एका खुर्चीचा तास साधारण 167 रुपयांना पडतो. गिऱ्हाईक दोन तास बसलं, की थेंबभर दारू ओतायच्या आधीच तुमचे 334 रुपये गेलेले असतात. पेग, कॉकटेल आणि चखणा मिळून हा खर्च आणि वर नफा निघायला हवा. ग्लासात कुठली बाटली ओतली यावर हा खर्च ठरत नाही, म्हणून तो खरेदीभावात मिळवायचा, खरेदीभावाला गुणायचं नाही.

बेरजेचा फायदा महागड्या बाटलीवर लगेच कळतो. 50 रुपये खरेदीचा पेग चौपटीने 200 ला जातो, सुटतात 150. 300 रुपये खरेदीचा पेग चौपटीने 1200 होतो. तो कार्डावर शोभतो आणि कपाटात धूळ खातो. तोच 700 ला लावला तर सुटतात 400, म्हणजे स्वस्त पेगच्या अडीचपटीहून जास्त, आणि ग्लास, बर्फ, वेटर तेवढेच. पोअर कॉस्टची, म्हणजे भावातल्या दारूच्या खरेदीची, टक्केवारी बिघडली म्हणून अकाउंटंट कुरकुरेल. त्याला एवढंच सांगा, की पगार टक्क्यांत देता येत नाही.

कॉकटेलच्या बाबतीत उलट धीटपणा हवा. जे घरी तिसऱ्या ग्लासाला वसूल होतं, व्होडकात डब्याचा ज्यूस ओतून वर छत्री खोचली की जे तयार होतं, ते कार्डावरून काढा किंवा खरोखर स्वस्त करा. जे घरी करणं जिकिरीचं आहे, त्याचे पूर्ण पैसे घ्या आणि ते का घेतो हे ग्लासातून दिसू द्या: ताजा रस, नितळ मोठा बर्फ, घरात कुणी आणून ठेवणार नाही अशी तिसरी बाटली, आणि समोर पेग मेजरने मोजलेलं माप. घरी मोजणारं कुणी नसतं, सिक्स्टीचा नाइन्टी कधी होतो कळत नाही. मोजलेला ग्लास हा गिऱ्हाइकाच्या खिशाच्या आणि तब्येतीच्याही हिताचा आहे, हे बिनदिक्कत सांगावं.

सामान स्वस्त असलं म्हणजे लोक घरीच पितात, असंही नाही. गोव्यात काजूच्या हंगामात उर्राक लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. यातलं काय घरी जमत नाही? तरी तावेर्न भरलेलं असतं, कारण तिथला भाव ऐकून कुणी मनात बाटलीचा भागाकार करत बसत नाही. गोव्यातला कर आपल्यापेक्षा हलका आहे, हे खरं, आणि ती तफावत गोव्याच्या सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर रोज तपासली जाते. पण कर आपल्या हातात नाही. पट आपल्या हातात आहे.

शेवटी बिलाबद्दल. मद्य जीएसटीबाहेर आहे, त्यावर व्हॅट, खाण्यावर जीएसटी, वर सर्व्हिस चार्ज. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सर्व्हिस चार्ज सक्तीने घेता येणार नाही, या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या भूमिकेवर शिक्कामोर्तब केलं. कार्डावर 600 आणि बिलावर 720 असं झालं की गिऱ्हाईक चिडतं ते 120 रुपयांवर नव्हे, फसवलं गेल्याच्या भावनेने. कर धरून एकच भाव छापा. तसंच सहा ते आठ ‘एकावर एक’ देणाऱ्याने लक्षात घ्यावं, की साडेआठला आलेल्या माणसाला मूळ भाव फुगवलेला होता, हे आपण स्वतःच सांगत असतो.

कराविरुद्धची लढाई संघटनेने लढावी आणि आपण तिच्यामागे उभं राहावं. तोवर एक काम प्रत्येकाने आपल्या काउंटरवर करावं. मेनू कार्ड घ्या आणि प्रत्येक ड्रिंकपुढे पेन्सिलीने लिहा, कितव्या ग्लासाला ते घरी स्वस्त पडतं. चारच्या आतला आकडा आला, तर भाव बदला किंवा ड्रिंक बदला. पुढचं कार्ड छापायला टाकण्याआधी हे झालं पाहिजे.