दांडी पडते, मार घोड्याला

‘उड्या मारणाऱ्या घोड्याला नाच कशाला शिकवायचा?’ शो जंपिंगच्या मैदानाबाहेर हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. ड्रेसाज म्हणजे घोड्याला चाल, तोल आणि इशारे शिकवणारी कवायत. विचारणाऱ्यांना तो श्रीमंतांचा नखरा वाटतो. माझा त्यांना उलट सवाल आहे: तुमचा घोडा हवेत असतो किती वेळ? बाकी सगळा वेळ तो जमिनीवरच धावतो ना?

कँटरची एक झेप साधारण साडेतीन मीटरची. पुढच्या अडथळ्याआधी ती कधी आखडावी लागते, कधी लांबवावी लागते. मागचे पाय पोटाखाली घ्यायचे, तोल मागे न्यायचा, इशाऱ्यासरशी वळायचं, हे ड्रेसाजच शिकवतं. ते न शिकवता ऐनवेळी लगाम खेचला की घोडा तोंड वर करतो, पाठ ताठरते, दांडी पडते. चार दंडगुण स्वाराच्या नावावर; चाबूक मात्र घोड्याच्या अंगावर!

1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजच्या घोड्यांनाही अडथळे ओलांडावे लागले होते. म्हणजे या दोहोंमधली भिंत नंतर माणसांनी उभारली. मुळाक्षरं न शिकवता निबंध मागायचा आणि चुकला म्हणून मारायचं, याला मी तरी प्रशिक्षण म्हणणार नाही.