मनोरंजन आणि विरंजन

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून दिवाळी म्हटली की मराठी माणसाला चकली, चिवडा आणि मनोरंजन या तीन गोष्टी लागू लागल्या. पहिल्या दोन वाचकांच्या घरी होतीलच; तिसरीची जबाबदारी आम्हा लिहिणाऱ्यांवर. यंदा मात्र मी मनोरंजनाऐवजी विरंजनावर लिहायचे ठरवले आहे. दचकू नका. ‘विरंजन’ हा शब्द शास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसा पडत नाही. घरोघरी त्याला ‘ब्लीच’ म्हणतात. दुकानात जाऊन नुसते ‘ब्लीच द्या’ म्हटले, तर दुकानदार बाईमाणसाच्या हातात खुशाल चेहरा उजळायची डबी ठेवतो! मला अभिप्रेत असलेले ब्लीच न्हाणीघरातल्या फळीवरचे. पांढऱ्या कपड्यांचे डाग घालवणारे आणि झाकण उघडताच नाकात चुरचुरणारे. या ब्लीचने काळ्या-निळ्या कपड्यांवर, पिशव्यांवर, टोप्यांवर नक्षी काढण्याचा छंद आमच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींना लागला आहे, आणि तो मला मोठा गमतीचा वाटतो.

गंमत आधी शब्दातच आहे. संस्कृतात ‘रञ्ज्’ असा धातू आहे. त्याचा अर्थ रंगणे. रंग त्यातून आला, रंजन त्यातूनच आले. अनुराग म्हणजे मन कोणाच्या तरी रंगात रंगणे, आणि विराग म्हणजे तो रंग उतरणे. तेव्हा विरंजन आणि वैराग्य ही एकाच घरची भावंडे! एक कापडाचा रंग उतरवते, दुसरे मनाचा. इतकेच, की वैराग्य यायला माणसाला आयुष्य लागते आणि ब्लीचला पाच मिनिटे पुरतात.

कापड सजवायच्या आपल्याकडच्या रीती पाहा. बांधणीत गाठी मारतात, बाटिकमध्ये मेण लावतात. हेतू असा, की जिथे रंग नको तिथे तो शिरू नये. ब्लीचचे याच्या अगदी उलट. इथे रंग आधीच भरलेला असतो. आपण तो हवा तिथून काढून घ्यायचा. पांढऱ्यावर काळे करण्यात जिचा जन्म गेला त्या माझ्यासारखीला काळ्यावर पांढरे करण्याचे अप्रूप वाटावे, यात नवल नाही. पण काळे कापड पांढरे होतच नाही! काळ्या सुती कापडावर ब्लीचचा थेंब पडला, की तो बहुधा तांबूस, नारिंगी नाही तर बदामी होतो. काळा म्हणून मिरवणाऱ्या रंगाच्या पोटात काय दडले आहे, ते तेव्हा कळते. निळीत रंगवलेली जीन्स मात्र इमानाने पांढरी पडते.

हे द्रव्य तसे फार जुने नाही. पूर्वी कोरे कापड उजळायचे, तर आपल्याकडे शेण, पाणी आणि ऊन. युरोपात आंबट ताक आणि गवतावर आठवडेच्या आठवडे वाळवण. १७७४ साली स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाला क्लोरीन वायू सापडला. पुढे १७८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बर्थोले याने तो वायू कापड उजळायला वापरून दाखवला. पॅरिसजवळच्या झाव्हेल गावी त्याचे द्रावण तयार होऊ लागले, म्हणून फ्रान्समध्ये ब्लीचला आजही झाव्हेलचे पाणी म्हणतात. १७९९ साली चार्ल्स टेनंट याने स्कॉटलंडमध्ये कोरड्या भुकटीचे पेटंट घेतले. आपल्या विहिरीत पडते ती ब्लीचिंग पावडर तीच. महिन्यांचे काम तासांवर आले, आणि उन्हाचे काम बाटलीत शिरले.

आता कृती. कापड सुती हवे. पॉलिएस्टरवर ब्लीचचे काही चालत नाही. रेशीम आणि लोकर यांना तर ते खाऊनच टाकते. त्यामुळे आजीच्या पैठणीला या छंदापासून चार हात दूर ठेवावे. आधी शिवणीच्या आत, दिसणार नाही अशा जागी एक थेंब टाकून पाहावा. कुडत्याच्या पुढल्या आणि मागल्या भागांमध्ये प्लॅस्टिकने गुंडाळलेला पुठ्ठा सरकवावा, नाहीतर छातीवरचे फूल पाठीवरही उमटते. ब्लीचमध्ये तेवढेच पाणी घालावे. कुंचला नायलॉनचा घ्यावा. केसाळ कुंचला तासाभरात टक्कल पडून बसतो. ठिपके द्यायला कान कोरायची कापसाची काडी उत्तम. पिंपळाचे पान किंवा शेवग्याची डहाळी कापडावर ठेवून फवारा मारला, तर भोवतीचा रंग उतरतो आणि पान गडद राहते.

खरी कसोटी थांबण्यात आहे. रंग हवा तितका उतरला की लगेच भरपूर गार पाण्यात कापड खळबळावे. पण नुसत्या पाण्याने ब्लीच पुरते जात नाही. धाग्यात उरलेला अंश गुपचूप काम करीत राहतो, आणि आज जिथे चांदणी आहे तिथे चार महिन्यांनी भोक पडते. त्याला उतारा हायपोचा. पूर्वी फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत वापरीत ते हेच हायपो. माशांच्या काचपेट्या विकणाऱ्यांकडेही पाण्यातले क्लोरीन मारायला ते असते. त्याच्या पाण्यात कापड थोडा वेळ बुडवावे आणि मग साबणाने धुवावे.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा व्हिनेगर घाला. कदापि घालू नये! ब्लीचमध्ये आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याच्या ॲसिडशी त्याची गाठ पडली, तर बंद न्हाणीघरात माणसाच्या जिवावर बेतते. अमोनिया असलेल्या द्रावणाशीही ते मिसळू नये. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो वायू सोडला, तो हाच. म्हणून खिडकी उघडी असावी, हातात रबरी मोजे असावेत आणि लहान मुले लांब असावीत.

हे सारे मी पुस्तकांतून जमवले. ज्या मुलीकडून मी त्यातले मर्म शिकले, तिने एकही पुस्तक उघडले नव्हते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी मुली वर्गात पिशव्या रंगवीत, म्हणजे विरंगवीत, बसल्या होत्या. बाकीच्यांचे थेंब पसरत होते; हिचे मात्र जिथल्या तिथे. मी विचारले, “कुठं शिकलीस गं हे?”

“शिकायचं काय, मॅडम? आई चार घरची कामं करते. लहानपणापासून बघते. थेंब पडला की किती वेळात रंग जातो, ते आम्हाला पाठच आहे.”

मग तिने आपल्या थैलीतून आईचा काळा सुती ब्लाऊज काढला. साडी पॉलिएस्टरची, तिला काही होत नाही. ब्लाऊज आणि परकर सुती, ते शिंतोडे झेलतात. दोन्ही बाह्यांवर नारिंगी डाग विखुरले होते. ती म्हणाली, “मॅडम, दुकानात असले डाग पाडलेली जीन्स महाग मिळते. आईच्या अंगावर पडले की डाग, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर पडले की डिझाइन. असं का?”

वीस वर्षे मी अलंकार शिकवते आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्या कुठल्याच टिपणात नव्हते. उत्तराची वाट न पाहता ती कामाला लागली होती. पडलेले डाग तिने ठिपके धरले, मध्ये आपले ठिपके भरले आणि दोन्ही बाह्यांवर ठिपक्यांची रांगोळी जोडली. आईच्या हातून पडलेले कोणते आणि लेकीने काढलेले कोणते, हे जवळून पाहूनही मला सांगता येईना.

“आईला आवडला का गं?” मी आठवड्याने विचारले.

“आवडला. पण घालत नाही. म्हणते, हा कामाला घालवत नाही, आणि कामावाचून मी जाते कुठं?”

त्या माउलीच्या या एका वाक्यापुढे माझी सगळी व्युत्पत्ती फिकी पडली. नक्षी काढायला हात लागतो, कापड लागते. पण ती मिरवायला जायला जागाही लागते.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईसाठी ब्लीचची बाटली तुमच्याही घरात आलीच असेल. ती ज्या बाईच्या हातात जाते, तिला बाटलीबरोबर रबरी मोज्यांचा जोड द्या, ॲसिडची बाटली वेगळ्या फळीवर ठेवा आणि न्हाणीघराची खिडकी आधी तुम्ही उघडा. आणि फराळाचा डबा तिच्या हाती मागल्या दारी ठेवण्याऐवजी एक दिवस तिला लेकीसह संध्याकाळी बोलवा. बाहेरच्या खोलीत, आपल्या पाहुण्यांच्या पंक्तीला. निमंत्रण दोन दिवस आधी द्या. काय घालून यायचे, हे बाईमाणसाला ठरवायला तेवढा वेळ लागतोच.