अखंड सेवा व तिचें मोल

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मीं एक साधा प्रश्न विचारला. आपल्या शाळेचें जें संकेतस्थळ आहे, ज्यावर तुमच्या परीक्षांचीं वेळापत्रकें लागतात व ज्यावरून तुमचे पालक शुल्क भरतात, तें राहतें कोठें? एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, "ढगांत, सर." वर्ग हंसला, परंतु त्याचा सारा दोष त्या मुलाकडे नव्हता, कारण व्यापारी लोकांनींच या व्यवस्थेस 'क्लाउड' असें नांव देऊन आपली सर्वांची तशी समजूत करून दिली आहे. माहुलहून येणारी एक विद्यार्थिनी मात्र हंसली नाहीं. तिनें विचारलें, "सर, मग आमच्या खिडकींतून जी चिमणी दिसते, तिचा धूर त्याच ढगांत जातो काय?" तिचा हेतु विनोदाचा होता कीं गंभीर, हें मला अद्याप नीटसें कळलेलें नाहीं. तथापि त्या प्रश्नाचा शोध घेऊं लागल्यावर जें हातीं आलें, तें तुमच्यापुढें व विशेषतः पालकवर्गापुढें मांडावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

संकेतस्थळ म्हणजे अखेरीस एका यंत्रावर लिहून ठेवलेला मजकूर होय. तें यंत्र, ज्यास सर्व्हर म्हणतात, रात्रंदिवस चालूं असावें लागतें. कारण वाचक केव्हां येईल याचा नेम नाहीं. अशीं सहस्रावधि यंत्रें एका इमारतींत मांडून त्यांस वीज, थंड हवा व बाह्य जगाची जोडणी पुरवावयाची आणि त्यांवरील जागा भाड्यानें द्यावयाची, हा आज मोठा धंदा होऊन बसला आहे. अशा इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. आपल्याकडे पवई-चांदिवलीस, आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे व पनवेल या बाजूस त्या उभ्या आहेत. बाहेरून पाहणारास त्या गोदामांसारख्या दिसतात. मुंबईसच त्यांची एवढी गर्दी कां, याचें एक उत्तर समुद्रांत आहे. १८७० सालीं एडनहून समुद्रतळावरून आलेली तारायंत्राची तार मुंबईस लागली; आज त्याच दिशेनें काचतंतूंच्या केबली येऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागतात. बँका व शेअरबाजार येथेंच आहेत. त्यांत रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं असा आदेश काढला कीं, पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतांतच ठेवली पाहिजे. मग कोठारें वाढणें क्रमप्राप्तच होतें.

या धंद्यांत 'नऊ'चा एक हिशेब चालतो, तो गणिताच्या तासास शिकविण्याजोगा आहे. वर्षाचे तास ८,७६०. शेंकडा ९९ वेळ सेवा देऊं असें कोणी म्हटलें तर ऐकावयास बरें वाटतें (आपल्या शाळेंत शेंकडा ९९ हजेरी असणारास पारितोषिक मिळतें!), परंतु त्याचा अर्थ वर्षांतून साडेसत्यांशीं तास दार बंद. ९९.९ म्हटलें तर पावणेनऊ तास, ९९.९९ म्हटलें तर सुमारें ५३ मिनिटें; आणि ९९.९९९ म्हटलें तर अवघीं सवापांच मिनिटें. एकेक नऊ वाढवावयाचा म्हणजे बंद राहण्याचा काळ दहाव्या हिश्श्यावर आणावयाचा, व त्यासाठीं खर्च चढता ठेवावयाचा. विजेच्या दोन निरनिराळ्या वाहिन्या घ्याव्या लागतात. वीज गेल्या क्षणीं बॅटऱ्यांनीं भार उचलावा, तेवढ्यांत डिझेलवरील जनित्रें सुरू होऊन कांहीं सेकंदांत पूर्ण वेगास यावीं, डिझेलचा सांठा कित्येक तास पुरावा. आणि हें सर्व जोडीनें असावें, म्हणजे एक बिघडलें तर दुसरें उभेंच आहे. बरें, वीज असून थंडावा नसेल तरीही निभाव लागत नाहीं. १९ जुलै २०२२ रोजीं लंडन येथें उष्म्यानें उच्चांक गांठला, तेव्हां गूगल व ओरॅकल या बलाढ्य कंपन्यांच्या तेथील केंद्रांतील शीतयंत्रें हरलीं आणि कांहीं सर्व्हर त्यांस आपण होऊन बंद करावे लागले.

इतकी तरतूद केली तरी डिझेल हा आपद्धर्म. नित्याचा आधार शहराच्या विजेचाच. या बाबतींत मुंबईचें भाग्य जुनें आहे. १९१५ सालीं खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें व सह्याद्रीचें पाणी गिरण्या चालवूं लागलें. मागाहून भिवपुरी व भिरा हीं केंद्रें आलीं, आणि १९५६ पासून आपल्या शेजारीं ट्रॉम्बे येथें इंधन जाळून वीज होऊं लागली. १९८१ पासून मुंबईस अशी योजना आहे कीं, बाहेरचें जाळें कोसळलें तर शहरानें आपल्यापुरतें बेट होऊन अलग व्हावें आणि ट्रॉम्बे व घाटपायथ्याची जलविद्युत् यांवर तग धरावा. ही योजना पुष्कळदां उपयोगी पडली. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मात्र पडली नाहीं. कळवा-पडघा येथील वाहिन्या बंद पडल्या, उरलेल्यांवर भार गेला, आणि सकाळीं दहाच्या सुमारास तें बेटही बुडालें. लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या. विद्यापीठास त्या दिवसाच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. शाळा तेव्हां महामारीमुळें घरोघरींच्या पडद्यांवर भरत असत. माझ्यासमोरचे तीस-पस्तीस चेहरे एकाएकीं नाहींसे झाले, व मी कांहीं वेळ रिकाम्या पडद्यास भूमिति शिकवीत राहिलों. मौज अशी कीं, ज्या इमारतींत जनित्रें होतीं तेथील सर्व्हर चालूंच होते. संकेतस्थळें जागीं, आणि तीं पाहणारे अंधारांत.

त्यानंतर सुधारणा झाली नाहीं असें नाहीं. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ सालीं सुरू झाली. कुडूसहून आरे येथें आणखी एक मोठी वाहिनी आणण्याचें कामही हातीं घेण्यांत आलें. परंतु विजेची भूकही वाढत आहे. मुंबईस वीज पुरविणारीं कोळशावरील केंद्रें, एक आपल्या ट्रॉम्बेचें व दुसरें डहाणूचें, आटोपतीं घेण्याची भाषा होती. २०२३ च्या अखेरीस दोहोंसही मुदतवाढ मिळाली. डहाणूच्या केंद्रासाठीं जो अर्ज करण्यांत आला, त्यांत वाढत्या मागणीचें मुख्य कारण म्हणून डेटा सेंटरांचा निर्देश आहे.

तेव्हां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर, होय, कांहीं अंशीं जातो. न्यायानें बोलावयाचें तर माहुलच्या हवेंतील सारें विष त्या एका धुराड्याचें नव्हे. तेथें दोन तेलशुद्धीचे कारखाने आहेत, खतांचा कारखाना आहे, रासायनिक द्रव्यांच्या टाक्या आहेत. माहुल व आंबापाडा येथील हवेपासून रहिवाशांच्या प्रकृतीस धोका असल्याचें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालींच नमूद केलें. असें असूनही तानसा जलवाहिनीलगतचीं घरें पाडल्यावर तेथील कुटुंबांस माहुलच्या ७२ इमारतींच्या वसाहतींत धाडण्यांत आलें. अखेर २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, लोकांस इच्छेविरुद्ध माहुलास पाठवूं नये, आणि दुसरीकडे राहण्यासाठीं त्यांस दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें. ज्या हवेंत राहण्याची सक्ति न्यायालयास मान्य झाली नाहीं, त्याच हवेंत आपले कित्येक विद्यार्थी वाढत आहेत. माझ्या हजेरीपटांत 'खोकला' हें रजेचें कारण माहुलच्या मुलांच्या नांवापुढें जितक्या वेळां येतें, तितकें इतरांच्या येत नाहीं. हा वैद्याचा निष्कर्ष नव्हे. रोज हजेरी घेणाऱ्या शिक्षकाचा अनुभव आहे. परंतु चार-चार नऊंचे जे करार होतात त्यांत या गैरहजेरीस कोठें रकाना असल्याचें मीं पाहिलें नाहीं.

यावर कोणी पालक म्हणतील कीं, गुरुजी, तुमचें सर्व खरें, परंतु आमचा पगार, आमची औषधें, मुलांचे निकाल, सारें त्या यंत्रांवरच चालतें. तीं बंद ठेवावयाचीं काय? मुळींच नाहीं. मीही भाजीवाल्यास मोबाईलनेंच पैसे देतों. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, विश्वसनीयतेची कल्पना आपण अपुरी धरली आहे. एका इमारतींतला दिवा कधींही विझूं द्यावयाचा नाहीं, हा एक मार्ग झाला. ती इमारत बंद पडलीच तर दूरच्या गांवीं दुसरी प्रत तयार असावी, हा दुसरा; आणि माझ्या मतें अधिक भरंवशाचा.

याचा धडा आपल्या शाळेनें घेतलेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका कंपनीनें अल्प भाड्यांत आपल्या संकेतस्थळास जागा दिली होती. एके सोमवारीं पाहतों तों सारें लुप्त! प्रत ठेवली होती म्हणे. पण ती मूळ यंत्राच्या शेजारच्या यंत्रावर, आणि दोन्ही एकदमच गेलीं. या वार्षिकाचे सहा अंक त्यांत होते. ते पुन्हा कोठून मिळाले म्हणाल, तर ग्रंथालयांतील बांधीव प्रतींतून, ज्यांस कसर लागली आहे म्हणून आम्ही दरवर्षीं नाकें मुरडीत होतों. शाळेची हानि अल्प. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीचें केंद्र जळालें, तेव्हां ज्यांची प्रत त्याच आवारांत होती त्यांपैकीं कित्येकांचें सर्वस्व गेलें. दक्षिण कोरियांतील देजॉन येथें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारी केंद्रांत आग लागून ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. सरकारी नोकरांचे दप्तर ज्या एका भांडारांत होतें त्याची दुसरी प्रतच नव्हती, आणि ८५८ टेराबाईट मजकूर गेला. आग कशाची, तर वीज जाऊं नये म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्यांची.

मुंबईचा भूगोल तर आपणांस ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा शहरांतच सारीं कोठारें दाटीवाटीनें उभारावयाचीं आणि त्यांस अखंड ठेवण्यासाठीं जुनीं धुराडीं जागीं ठेवावयाचीं, यांत सुरक्षितता किती व सोय किती? ज्या व्यवहारांस क्षणाचाही विलंब खपत नाहीं तीं यंत्रें बँकांजवळ व केबलींजवळ असोत. परंतु लग्नाच्या चित्रफिती, जुन्या पावत्या, आणि आपलें हें वार्षिकदेखील, साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्यांजवळ अथवा धुळ्याकडील सौरकेंद्रांजवळ राहिल्यास कोणाचें कांहीं अडत नाहीं. अशानें एकंदर वीज कमी लागेल असा माझा दावा नाहीं. परंतु ती एकाच खिडकीसमोर जाळावी लागणार नाहीं, आणि पुरांत किंवा आगींत एकदम सर्व बुडणार नाहीं. रेशन-दुकानावरील अंगठ्याचें यंत्र पांच मिनिटेंही बंद नसावें हें मला पटतें. माझा फोटो मध्यरात्रीं न उघडल्यास मी सकाळीं पाहीन. शिवाय जागा भाड्यानें देणाऱ्या प्रत्येक कंपनीनें नऊंची संख्या छापतांना तिच्याच शेजारीं वीज किती, कोणत्या इंधनाची, डिझेल किती तास जाळलें व पाणी किती लागलें, हेही छापावें. पिशवीवर वजन छापतात, त्यांत विशेष तें काय?

नववीच्या वर्गानें सध्यां आपल्या संकेतस्थळास जागा देणाऱ्या कंपनीस एक पत्र लिहिलें आहे. त्यांत प्रश्न तीन: आमचा मजकूर कोणत्या गांवीं आहे, त्याची दुसरी प्रत कोणत्या गांवीं आहे, आणि त्या दोन्ही गांवीं वीज कशाची आहे. मसुदा माहुलच्या त्याच विद्यार्थिनीनें केला. मीं केवळ शुद्धलेखन तपासलें. पत्र जाऊन पांच आठवडे झाले. उत्तर आल्यास तें पुढील अंकांत छापूं.