पाच दिवसांत काय उरकले?

संपादक महाशय,

गेल्या अंकातील गाझावरील लेखात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा दाखला भलताच घाईने दिला आहे. भारताची फौज आली आणि पाच दिवसांत प्रश्न मिटला, हे लेखकाचे म्हणणे निम्मेच खरे.

लढाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ एवढीच चालली, हे कबूल. जालन्यात गुरख्यांची एक कंपनी ठेवून उरलेली फौज लातूरकडे निघालीसुद्धा. पण कारभाराचे काय? जनरल चौधरींची लष्करी राजवट १९४९ अखेरपर्यंत होती, पुढे मुख्यमंत्री म्हणून वेल्लोदी आले तेही नेमलेलेच. लोकांनी निवडलेले सरकार १९५२ साली आले. शरण आलेला निजाम तर १९५६ पर्यंत राजप्रमुख!

सुरक्षेचा हिशेबही लेखकाने सोयीने गाळला. निजामाच्या बाजूची सशस्त्र रझाकार संघटना मोडली, ते बरेच झाले. मात्र नंतरच्या सूडसत्रासह बळी किमान २७ ते ४० हजार, असा अंदाज नेहरूंनीच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला.

शिवाय हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस निजामाविरुद्ध आधीपासून लढत होती आणि विलीनीकरणाने लोकांना मताचा हक्क मिळाला. गाझाबाबत सुरक्षा परिषदेच्या १७ नोव्हेंबर २०२५ च्या ठराव २८०३ मध्ये कारभारासाठी ट्रम्प यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ आहे, आंतरराष्ट्रीय फौज आहे. निवडणुकीची तारीख नाही. हा फरक लेखकाला किरकोळ वाटावा, याचे नवल वाटते.

दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, मस्तगड, जालना